शुश्रूषा कोण करतं यावरच आपण का भांडतो?

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरी ठेवलेली अटेंडंट मारते आहे, अशी एखादी चित्रफीत दर काही महिन्यांनी या फोनवरून त्या फोनवर फिरते. मग ठरलेला वाद सुरू होतो. एक गट म्हणतो, पगारी माणसाच्या भरवशावर आईबापांना टाकणाऱ्या मुलांनाच आधी धरा. दुसरा म्हणतो, नोकरी सोडून घरी बसणं कुणाला परवडतं? तेव्हा माणसं पारखून घ्या, पोलीस पडताळणी करा, खोलीत कॅमेरा लावा. दोन दिवस दोन्हीकडून दगडफेक होते आणि विषय थंड पडतो. एका गोष्टीवर मात्र दोन्ही गटांचं न बोलता एकमत असतं. शुश्रूषेचा दर्जा म्हणजे ती करणाऱ्याचं मन, असं दोघंही धरून चालतात. एकाच्या मते चांगलं मन फक्त रक्ताच्या नात्यात सापडतं. दुसऱ्याच्या मते ते बाहेरही मिळतं, फक्त पारख हवी.

मला हे मुळातच पटत नाही. ज्या माणसाची आंघोळ, कपडे, जेवण, शौच हे सगळं दुसऱ्याच्या हातून होतं, त्याचे दिवस कसे जाणार हे फार साध्या गोष्टींवर ठरतं. करणाऱ्याला काम येतं का, त्याला पुरेसा वेळ दिलाय का, रोज तोच माणूस येतो का, आणि ज्याच्या अंगाला हात लागतो त्याला कुणी काही विचारतं का. माया असावीच. पण यातलं काही कमी पडलं तर माया ते भरून काढू शकत नाही, आणि हे सगळं जागेवर असलं तर सर्वसाधारण मनाचा माणूसही उत्तम शुश्रूषा करतो.

बिछान्यातली आंघोळच घ्या. पाणी किती गरम आहे ते बोटांनी पाहायचं नाही, मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहायचं. डोळे नाकाकडून कानाकडे पुसायचे, आणि दुसऱ्या डोळ्याला फडक्याचा वेगळा कोपरा घ्यायचा. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा, बाकी अंग टॉवेलखाली. बाईमाणसाला पुढून मागे पुसायचं. उलटं पुसलं की लघवीच्या मार्गात जंतू जायला वाट मिळते. शरमेची जागा शेवटी, आणि त्याआधी पाणी बदलायचं. काख, छातीखालची घडी, पायाच्या बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. पक्षाघाताने लुळा पडलेला हात बाहीत आधी घालायचा आणि कपडा उतरवताना शेवटी काढायचा, नाहीतर खांद्यावर ताण येतो. हे चालू असतानाच टाचा, माकडहाड, खुबे, खांद्याची पाती नजरेखालून घालायची. कुठे लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडायचं. दाबल्यावर जागा पांढरी पडली तर रक्त अजून खेळतं आहे. लाली जशीच्या तशी राहिली तर आतलं मांस चेपलं जाऊ लागलं आहे आणि त्या कुशीवर आता निजवायचं नाही. सावळ्या अंगावर तर ही लालीसुद्धा डोळ्यांना नीट दिसत नाही. तिथे हात फिरवून आसपासच्या कातडीपेक्षा जागा गरम लागते का, टणक लागते का, हे चाचपावं लागतं.

यातलं काय प्रेमाने आपोआप कळतं? पोटच्या मुलाने काखेत हात घालून बापाला उशीकडे ओढलं, तरी बापाच्या पाठीची कातडी चादरीला घासायची ती घासतेच. पाठीला पडणाऱ्या जखमा नातं बघत नाहीत.

तरी घरच्यांच्या बाजूचा मुद्दा जितका भक्कम आहे तितका मांडला पाहिजे. जगातली बहुतेक शुश्रूषा आजही घरचीच माणसं करतात, तीही बिनपगारी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली हिशेब मांडला होता. स्वयंपाक, घरकाम, मुलं, आजारी आणि वृद्ध माणसं असं सगळं धरून, आकडेवारी मिळालेल्या ६४ देशांत मिळून रोज १,६४० कोटी तास बिनपगारी काम होतं. म्हणजे २०० कोटी माणसांनी रोज आठ तास फुकट राबण्याइतकं. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा बायकांचा. हा डोंगर बाजूला करून सगळी शुश्रूषा पगारी माणसांवर सोपवा, असं शहाणा माणूस म्हणणार नाही. शिवाय घरच्या माणसाकडे एक ज्ञान असतं जे कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही. नवरा कुठल्या कुशीवर झोपतो, कुठलं दुखणं तो कधीच तोंडाने सांगत नाही, गप्प बसला की रागावलेला असतो की दुखत असतं, हे चाळीस वर्षं सोबत राहिलेल्या बायकोइतकं कुणाला कळणार? इथे मी बिनशर्त हार मानतो.

पण या मुद्द्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कसला ना कसला गैरवर्तनाचा अनुभव येतो, आणि हा आकडा संस्थांबाहेर, समाजात राहणाऱ्या वृद्धांचा आहे. आपलं माणूस जवळ असणं म्हणजे सुरक्षित असणं, हे समीकरण तिथेच डळमळतं. ठरवून केलेला छळ सोडून द्या. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी कमी देणारी सून दुष्ट नसते, तिची झोप झालेली नसते. पण पाणी कमी पडलं की लघवीला संसर्ग होऊ शकतो, म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागतं आणि घरचे म्हणतात, 'आता डोकंही चालेनासं झालं.' आधार देऊन संडासापर्यंत नेता येईल अशा माणसाला सोयीसाठी डायपर लावला जातो. काही आठवड्यांत चालणं सुटतं आणि मग डायपर खरोखरच लागतो. श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली असते आणि 'बाबांना हल्ली काही समजत नाही' असं बाबांच्या समोरच बोललं जातं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबद्दल हेच मांडलं. लहान मुलासारखं बोलणं, त्याच्या डोक्यावरून परस्पर बोलणं, त्याला झेपणार नाही इतक्या घाईने सगळं उरकणं यांनी माणूस खचतो, आणि हे करणाऱ्यांच्या मनात बहुतेकदा वाईट काहीच नसतं.

मन चांगलं असून काम का अडतं याचा एक जुना धडा आहे. १८५९ साली लिव्हरपूलचा व्यापारी विल्यम रॅथबोन याने मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला शहरातल्या गरिबांच्या घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमलं. त्याच्या बायकोच्या अखेरच्या दुखण्यात तिनेच तिचं सगळं केलं होतं, म्हणजे मन आणि हात दोन्ही पारखलेले. काही काळातच ती हे दैन्य बघवत नाही म्हणून काम सोडायला निघाली. रॅथबोनने तिला टिकवलं, कामाचा उपयोग दिसू लागला, आणि मग त्याला आणखी परिचारिका हव्या झाल्या. त्या मिळेनात. कनवाळू बायका त्या शहरात कमी नव्हत्या. शिकलेल्या मिळत नव्हत्या. तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलने सल्ला दिला की आधी त्या घडवणारी शाळा काढा. १८६२ साली ती निघाली. घरी जाऊन करायच्या शुश्रूषेची आधुनिक व्यवस्था सुरू झाली ती हे काम शिकावं लागतं या कबुलीपासून. आपला वाद मात्र अजून त्या शाळेच्या अलीकडेच घोटाळतो आहे.

आता कॅमेरा. कॅमेऱ्याने मारहाण उघडकीस आली आहे, आणि जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्यासाठी तो कधीकधी एकमेव साक्षीदार असतो, हे मान्य. पण कॅमेऱ्याला काय दिसतं? हात उगारलेला दिसतो. टाचेखालची लाली दिसत नाही. पेला ओठाला लावलेला दिसतो, पाणी पोटात गेलं का ते दिसत नाही. आणि जिथे माणूस सर्वांत उघडा, सर्वांत असहाय असतो, त्या न्हाणीघरात कॅमेरा लावायचा नसतो. लावला तर ज्याच्या रक्षणासाठी लावला त्याचीच लाज चव्हाट्यावर येते. बिछान्यात कपडे बदलले जाताना आपलं शरीर दूरच्या मुलाच्या फोनवर दिसतंय, हे किती आईवडिलांना सांगितलेलं असतं? पडताळणीचंही तसंच. मागे गुन्हा नोंदलेला नाही एवढंच तिच्यातून समजतं. कुशीवर वळवता येतं का, ते समजत नाही.

मग तपासणी हवी का? यावर पटकन एक आक्षेप येतो: घर हे घर आहे, तिथे सरकारी तपासनीस कशाला? मराठी माणसाला हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडच्या सोजिरांनी पुण्यातली घरं झडती घेत पालथी घातली, तेव्हा हेतू रोग आटोक्यात आणण्याचाच सांगितला जात होता. माजघरात, देवघरात शिरलेल्या त्या बुटांचा संताप कुठवर गेला ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच शहराच्या आठवणीत सहा वर्षं आधीचा दुसरा वादही आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या बाबतीत शरीरसंबंधाला संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हाही 'घरातल्या गोष्टीत सरकारने नाक खुपसू नये' हाच सूर होता. टिळक त्या कायद्याच्या विरोधात उभे राहिले, आगरकर बाजूने. आज त्या वादात घराच्या खाजगीपणाची ढाल कुणाला वाचवत होती आणि कुणाला नाही, याबद्दल शंका उरलेली नाही. या दोन घटना शेजारी ठेवल्या की प्रश्न जरा नेमका होतो. उंबरा कुणाच्या इच्छेने ओलांडला गेला? आतल्या सर्वांत दुबळ्या माणसासाठी, की बाहेरच्याच्या हुकमासाठी? शुश्रूषेची चौकशी करणारा माणूस रुग्णाच्या परवानगीने आला, त्याच्याशी एकांतात बोलला आणि अटेंडंट पुरवणाऱ्या एजन्सीचं प्रशिक्षण, नोंदवह्या, माणसं सोडून जाण्याचं प्रमाण एजन्सीच्या कचेरीत बसून तपासलं, तर त्यात झडतीसारखं काही नाही.

नियम केले की सगळं कागदी होतं, या आक्षेपात मात्र मला बराच दम दिसतो, आणि नियमांच्या बाजूचे लोक त्याला उत्तर न देताच पुढे जातात. जर्मनीने १९९५ साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आणला. पाऊल मोठं होतं. पण कुणाला किती मदत द्यायची हे ठरलं मिनिटांवर. परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत सबंध अंग धुण्याला २० ते २५ मिनिटं, दात घासण्याला ५, केस विंचरण्याला १ ते ३, असे पट्टे होते. दोन दशकं यावर टीका झाली. स्मृतिभ्रंशाच्या माणसाचे हातपाय धड असतात, पण त्याला प्रत्येक पायरीला सोबत लागते. ती मिनिटांच्या पट्टीवर उमटतच नव्हती. शेवटी २०१७ पासून ही मोजणी मोडीत काढून माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो यावर पाच श्रेणी ठरवल्या गेल्या. इंग्लंडमध्ये पालिकांनी पैसे वाचवायला पंधरा मिनिटांच्या भेटी विकत घेतल्या. पंधरा मिनिटांत दार उघडून आत या, उठवा, संडासाला न्या, धुवा, कपडे घाला, गोळ्या द्या, वहीत लिहा आणि पुढच्या घराकडे पळा. अशा भेटीत जगातली सर्वांत प्रेमळ बाई काय करणार? ती जो हात स्वतःहून बाहीत जाऊ शकतो त्यालाही थांबू देणार नाही, स्वतःच ओढून घालेल. आणि रोज असं झालं की एक दिवस तो हात खरोखरच जाईनासा होईल. २०१५ साली नाइस या तिथल्या मार्गदर्शक संस्थेला लिहावं लागलं की अर्ध्या तासाहून छोटी भेट फक्त ठरावीक कामापुरती किंवा माणूस ठीक आहे ना हे पाहण्यापुरती असावी आणि तीही ओळखीच्या माणसाने द्यावी.

पण मोजणी फसली म्हणून सगळं करणाऱ्याच्या मनावर सोपवायचं, हेही त्यातून निघत नाही. २००६ साली नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक यांनी ब्यूर्टझोर्ग ही संस्था काढली. फार तर बारा परिचारिकांचा एक गट, एका वस्तीची जबाबदारी त्या गटाची. कुणाकडे कधी जायचं, किती वेळ बसायचं, हे तो गटच ठरवतो, वर पर्यवेक्षकांची उतरंड नाही. हा मोकळेपणा चालतो, कारण त्या शिकलेल्या परिचारिका आहेत आणि रुग्णाला फिरून फिरून तेच मोजके चेहरे दिसतात. कौशल्य नसेल तर हाच मोकळेपणा अनागोंदी होईल. मोकळीक आणि प्रशिक्षण जोडीने यावं लागतं, आणि आपल्या वादात एक गट फक्त पहिली गोष्ट मागतो, दुसरा फक्त देखरेख.

रोज तोच चेहरा दिसावा असं म्हटलं की पगाराचा विषय टाळता येत नाही. दर महिन्याला नवी बाई येते, ती का? अमेरिकेच्या १९३८ च्या श्रम कायद्यात घरकामगार धरलेलेच नव्हते. १९७४ साली ते आत घेतले, पण वृद्धांना आणि आजाऱ्यांना 'सोबत' देणाऱ्यांना किमान वेतनातून आणि जादा तासांच्या दामातून पुन्हा बाहेर ठेवलं, जणू शेजारीण घटकाभर येऊन बसते आहे. एव्हलिन कोक ही न्यूयॉर्कमधली बाई वर्षानुवर्षं लोकांच्या घरी जाऊन आंघोळी घालत होती, रात्र रात्र थांबत होती. तिने जादा तासांचे पैसे मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००७ साली ती एकमताने हरली. सरकारने नियम बदलला तो २०१३ मध्ये, आणि तोवर ती वारलेली होती. ज्या कामाला कायदा काम म्हणायला तयार नाही ते टिकून कोण करेल? आणि माणूस टिकला नाही तर परवा टाच लाल होती आणि आज काळपट आहे, हा फरक कुणाच्या लक्षात येणार? आजची नवी बाई तर टाच पहिल्यांदाच बघते आहे.

'हे सगळं महाग आहे', हे खरं आहे आणि त्याला स्वस्त उत्तर नाही. जर्मनीनंतर जपानने २००० साली असाच विमा आणला. तिथे चाळिशी ओलांडली की प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. आपल्यालाही एक दिवस उचलून बसवावं लागेल, हे कुणाला स्वतःहून पटत नाही, म्हणून तो सक्तीचा आहे. अशी सामायिक तरतूद नसते तिथेही खर्च होतोच, फक्त तो एका घरातल्या एका बाईच्या नोकरीतून आणि कंबरेतून वसूल होतो आणि कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

राहिला तो प्रश्न, जो या वादात जवळजवळ कुणीच विचारत नाही: दर्जा चांगला की वाईट हे ठरवणार कोण? मुलगा ठरवतो, एजन्सी ठरवते, फार तर सरकार. जिच्या अंगावर पाणी पडतं ती नाही. हे उलटं करून दाखवलं ते अपंग माणसांनी. अमेरिकेतले एड रॉबर्ट्स चौदाव्या वर्षी पोलिओने मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळे झाले. १९६२ साली ते बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला गेले आणि तिथे मदतनीस स्वतः नेमून, स्वतः शिकवून राहिले. १९७२ साली तिथूनच स्वतंत्र जगण्याच्या चळवळीचं पहिलं केंद्र उभं राहिलं. स्वीडनमध्ये अॅडॉल्फ रात्झका यांनी ऐंशीच्या दशकात मदत घेणाऱ्यांचीच सहकारी संस्था काढली, आणि १९९४ पासून तिथल्या कायद्याने गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाला स्वतःचा मदतनीस निवडण्याचा हक्क दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: माझ्या शरीराचं काय, कधी आणि कुणाच्या हातून, हे मी सांगणार. माझ्यावर कुणी प्रेम करतं का, हा प्रश्न वेगळा.

यावर शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप असा की रॉबर्ट्स बोलू शकत होते. स्मृतिभ्रंश झालेली आई काय ठरवणार? ती तर आंघोळ म्हटली की ओरडते, ओरबाडते, चावते. घरातले म्हणतात, हा आजारच असा. पण अमेरिकेत १५ शुश्रूषागृहांत फिलिप स्लोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना त्यांच्या कलाने शॉवर दिला. काहींना बिछान्यातच, अंग पूर्ण झाकलेलं ठेवून, कोमट साबणपाण्यात भिजवलेल्या टॉवेलने चोळून स्वच्छ केलं. माणसं तीच होती आणि आजारही तोच होता. मारण्या-ओरबाडण्याचे प्रसंग दोन्ही पद्धतींत निम्म्याहून जास्त घटले. म्हणजे ते ओरडणं बऱ्याच अंशी म्हणणं होतं: गार लागतंय, डोक्यावर पाणी नको, मला उघडं करू नका. बोलता न येणारा माणूसही मत देतोच. तो तोंड मिटून घेतो, चादर घट्ट धरतो, एका मदतनिसाला हात लावू देतो आणि दुसरीला देत नाही.

हे मत नोंदवायला कॅमेरा लागत नाही आणि रक्ताचं नातंही लागत नाही. एक वही आणि ती वाचणारं कुणीतरी लागतं. संध्याकाळी घरी आलेल्या मुलीने 'आज आंघोळ झाली का?' असं विचारलं तर उत्तर 'हो' येतं आणि बोलणं तिथेच संपतं. 'आज आई कुठे ओरडली आणि तेव्हा नेमकं काय चाललं होतं?' असं विचारलं, तर उद्या केस आधी धुवायचे की शेवटी, दार लावून घ्यायचं का, टॉवेल आधी गरम करून ठेवायचा का, याबद्दल दोघींना बोलता येतं.